दुप्पट झालेलं दौलताबाद

लग्न झालं तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सूनबाईला पुढं शिकू देऊ असं सासरच्यांनी बैठकीत कबूल केलं होतं. असं पुष्कळ ठिकाणी कबूल करतात. आमच्याकडं ते पाळलं गेलं. शहरातल्या छावणी भागात, बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. नवरा सरकारी नोकरीत, महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर. सासरे शांत स्वभावाचे, जेवण आणि वर्तमानपत्र सोडलं तर कशात नसायचे. घर चालायचं सासूबाईंच्या शब्दावर, आणि त्या शब्द जपून वापरायच्या. पहिल्या वर्षात त्या माझ्याशी जे काही बोलल्या ते दूध, मीठ आणि कडी नीट लाव, एवढ्यात मावलं असतं.

तिसऱ्या वर्षाला माझा विषय भूगोल होता. प्रात्यक्षिकासाठी एका गावाचा अहवाल करायचा होता. गावाचा नकाशा मिळवायचा, शेतं, मळे, पडीक जमीन वेगवेगळ्या रंगांत दाखवायची, आणि कशाखाली किती क्षेत्र आहे ते नकाशावरून काढायचं. सर म्हणाले होते की फळबागा असलेलं गाव घ्या, नकाशा देखणा होतो. मी रात्री जेवताना सहज म्हटलं, मी दौलताबाद घेतलंय.

वाढता वाढता सासूबाईंचा हात थांबला. दौलताबाद त्यांचं माहेर. आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि काही कारण नसताना माहेरी जायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

"एकटी कशी जाशील," त्या म्हणाल्या. "मी येते."

मी मनातून हिरमुसले. मैत्रिणींबरोबर जायचं, डबे न्यायचे, किल्ल्याच्या पायऱ्या चढायच्या, असं बरंच काही मी ठरवलं होतं. आता पाठीवर पहारा आला. पण रविवारी सकाळी बसच्या थांब्यावर बघते तर सासूबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेलं, आणि बस दिसते का म्हणून त्या रस्त्याच्या पार मधोमध जाऊन उभ्या. बसमध्ये खिडकी त्यांनी घेतली. पडेगावपर्यंत गप्प होत्या. मिटमिट्याच्या पुढं बोलायला लागल्या आणि किल्ला दिसेपर्यंत थांबल्या नाहीत. कुठल्या विहिरीत त्या पोहायला शिकल्या, कुठल्या झाडाचे पेरू चोरले, कोणी पकडलं. मी नुसती ऐकत राहिले. वर्षभर एका घरात राहून ही बाई मला भेटलीच नव्हती.

तलाठ्यानं गावचा नकाशा काढून टेबलावर पसरला. तो होता निजामाच्या वेळचा. घड्यांवर विरलेला, आणि कडेचा सगळा मजकूर उर्दूत. शेतांच्या हद्दी दिसत होत्या, पण नकाशाचं प्रमाण काय ते कळेना. तलाठी नवा होता, त्यालाही वाचता येईना. तो म्हणाला, गावात एक म्हातारे मौलवी आहेत, त्यांना दुपारून बोलावतो.

सासूबाई माझ्या मागून पुढं वाकल्या. उजवीकडून डावीकडं बोट फिरवत म्हणाल्या, "एक इंच, बराबर बीस जंजीर. जंजीर म्हणजे आपली साखळी."

तलाठ्यानं उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्या पाचवीपर्यंत शिकल्या होत्या, आणि पोलीस अॅक्शनच्या आधी त्या शाळेत जे काही शिकवायचे ते उर्दूतच. मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. बहुतेक कोणीच विचारलं नव्हतं.

प्रमाण कळल्यावर पुढचं सोपं होतं. साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांनाच ठाऊक. नकाशावरचा एक इंच म्हणजे वीस साखळ्या. तेव्हा एक चौरस इंच म्हणजे वीस गुणिले वीस, चारशे गुंठे, दहा एकर. इथवर माझं काहीच चुकलं नाही. नकाशा मी पातळ कागदावर उतरवून घेतला आणि आम्ही घरी आलो.

पण उतरवलेला नकाशा अगदीच लहान दिसत होता. रंग भरायला जागा नव्हती, आणि सरांना मोठे नकाशे आवडायचे. म्हणून मी चौकटी आखून तो दुप्पट मोठा केला. अर्ध्या इंचाची चौकट होती तिथं एक इंचाची घेतली आणि एकेका चौकटीतली रेघ जशीच्या तशी मोठी करून काढली. चार दिवस लागले. नवरा तेव्हा घरी होता. तो शेजारी बसून पेन्सिलींना टोक करून द्यायचा, काहीतरी बोलून हसवायचा, आणि माझं डोकं जागेवर नसायचं. त्या दिवसांत मला सगळंच छान दिसत होतं. नकाशाच्या खाली मी सुंदर अक्षरात लिहिलं: एक इंच म्हणजे दहा साखळ्या. ते बरोबर होतं. नकाशा दुप्पट झाला, तर एका इंचात निम्म्याच साखळ्या बसणार. मग त्याच झोकात खालच्या ओळीत लिहिलं: एक चौरस इंच म्हणजे पाच एकर. दहाचे निम्मे पाच. हात जरासुद्धा अडखळला नाही.

पुढच्या रविवारी मोठा नकाशा गुंडाळून आम्ही परत दौलताबादला. सासूबाईंचे चुलतभाऊ, म्हणजे आमचे मामा, यांची किल्ल्याच्या पायथ्याशी सीताफळाची आणि पेरूची बाग. दसरा होऊन गेलेला, सीताफळं भरात आलेली. मामांनी बागेतच बाज टाकून दिली. मी नकाशावर त्यांची बाग शोधली, तिच्यावर चौकटीचा पारदर्शक कागद ठेवला, चौकटी मोजल्या. दोन पूर्णांक चार चौरस इंच.

"मामा, तुमची बाग किती म्हणालात?"

"सहा एकर. बापापासून सहाच."

"नकाशावर तर बारा भरते," मी म्हटलं.

मामांनी टोपी काढली, हातात धरली, परत घातली. मला पुन्हा मोजायला सांगितलं. मी पुन्हा मोजलं, पुन्हा बारा. मग त्यांनी मामींना हाक मारली. मामी पदराला हात पुसत आल्या, त्यांना सांगितलं, आणि त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. लग्न होऊन आल्यापासून त्या रोज दुपारी बागेच्या पार टोकाला भाकरी घेऊन जात होत्या. त्यांचं म्हणणं, सहा एकरात पाय एवढे दुखत नसतात. मी पहिल्यापासून सांगत होते, म्हणाल्या, पण ऐकतं कोण.

बातमी बागेबाहेर जायला चहाएवढाही वेळ लागला नाही. शेजारचे मळेवाले आले ते जरा रागातच आले, कारण मामांची सहा एकर जादा निघाली तर ती कोणाच्या तरी बांधातून निघणार. मी त्यांची बाग मोजली. चारची आठ निघाली. त्यांचा राग गेला आणि त्यांनी त्यांच्या भावाला बोलावून आणलं. भावाचीही दुप्पट. मग रांगच लागली. पेरूच्या झाडाखाली फळांचं खोकं उलटं करून मी बसले होते, आणि एकेक जण येऊन नकाशावर आपली जागा दाखवत होता. मी चौकटी मोजायचे, पाचानं गुणायचे, आकडा सांगायचे, आणि समोरचा माणूस हसत हसत उठायचा. आयुष्यात पुन्हा कधी मी एका दुपारी इतक्या माणसांना इतका आनंद दिलेला नाही. कोणी पेरू आणले, कोणी सीताफळाचा गर घालून केलेली बासुंदी आणली. मी खात होते आणि एकर वाटत होते.

एक जण मात्र खूश दिसले नाहीत. गावातले मोठे जमीनदार, कोट घातलेले, मागं उभं राहून सगळं बघत होते. त्या वर्षांत जमिनीला कमाल मर्यादा लागली होती, वरची जमीन सरकारजमा व्हायची. गर्दी पांगल्यावर ते जवळ आले आणि हलक्या आवाजात विचारलं, हे कुठं लिहून द्यायचं असतं का. मी म्हटलं, फक्त आमच्या सरांना.

"मग सरांना सांगा," ते म्हणाले, "यांचं मोजायचं राहून गेलं."

तिकडं सासूबाई बांधावर बसल्या होत्या, मामी आणि लहानपणची एक मैत्रीण यांच्यामध्ये. तिघी सीताफळं खात होत्या आणि कोणाची बी जास्त लांब जाते ते बघत होत्या. माझ्या सासूबाई, ज्यांच्यासमोर मी पाणी पितानाही आवाज होऊ देत नव्हते, त्या मान मागं घेऊन बी थुंकत होत्या. सगळ्यांत लांब त्यांचीच जात होती. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी दुसरं सीताफळ फोडलं आणि निम्मं मला दिलं. मग मीही बांधावर जाऊन बसले. माझी बी पहिल्यांदा हनुवटीवरच पडली.

परतीच्या बसमध्ये त्या पुन्हा गप्प झाल्या. मला वाटलं, माहेर मागं पडलं म्हणून. पडेगाव आल्यावर त्यांनी खिडकीतून नजर न काढता विचारलं, "सगळ्यांचं दुप्पट झालं. मग किल्ला कुठं सरकला गं?"

मी खळखळून हसले. आणि हसता हसता मध्येच थांबले.

उरलेल्या वाटेत हिंदकळत्या बसमध्ये वही मांडीवर घेऊन मी आकडे तपासत बसले. चौकटी बरोबर होत्या. गुणाकार बरोबर होते. रात्री घरी तपासलं, सकाळी तपासलं, चूक सापडेना. नवरा फिरतीवर गेलेला. सरांना विचारायची लाज वाटली. दुपारी सासूबाई आल्या. मी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी पसरले होते, लहान आणि मोठा. त्यांनी मामांची बाग आधी एकात शोधली, मग दुसऱ्यात.

"ही हिच्या किती पट?"

"दुप्पट."

"नक्की का?"

"नक्की. मीच काढलीय."

त्यांनी दोन्ही बागांच्या कडेनं बोट फिरवलं. मग म्हणाल्या, माझ्या नथीचा मोती हलतोय, सराफ्यात जायचंच आहे. दोन्ही बागा जाड कागदातून कापून घे, तोलून बघू. कागद एकच असला पाहिजे एवढं म्हणाल्या.

घरात एकसारखा जाड कागद म्हणजे माझ्याच लग्नाच्या उरलेल्या पत्रिका. मी त्यांवर बागा गिरवल्या आणि कात्रीनं कापल्या. लहान बागेवर नुसता गणपतीचा कान आला. मोठीवर मुहूर्त आला आणि थोडं मित्रपरिवारासह.

सराफ वयस्कर होते, सासूबाईंना लग्नापासून ओळखणारे. नथ ठेवून घेतल्यावर सासूबाईंनी कागदाचे दोन तुकडे त्यांच्यापुढं ठेवले आणि हे तोलायचंय म्हणून सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्यांनी लहान काट्याची पारडी रुमालानं पुसली, पंखा बंद केला, आणि सोनं असावं तसा लहान तुकडा चिमटीनं उचलून एका पारड्यात ठेवला. ग्रॅमची वजनं येऊन वर्षं झाली होती, पण डबीत त्यांनी गुंजा ठेवल्या होत्या. दुसऱ्या पारड्यात एक गुंज टाकली. काटा डोलला आणि मधोमध उभा राहिला.

मग मोठा तुकडा. एक गुंज. दोन गुंजा. मला वाटलं आता काटा सरळ होणार, पण कागदाचं पारडं खालीच. त्यांनी तिसरी टाकली. तरी खालीच. चौथी टाकली आणि काटा सरळ झाला.

सासूबाई ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "दो दूनी चार." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "लांबी बी वाढली, रुंदी बी वाढली. तू एकाच बाजूचं उतरवलंस, सूनबाई."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बाग लांबीला दुप्पट आणि रुंदीला दुप्पट, म्हणजे कागदावर चौपट. दहा एकरांचे निम्मे नव्हे, चौथा हिस्सा करायला हवा होता. एक चौरस इंच म्हणजे अडीच एकर. दोन पूर्णांक चार गुणिले अडीच, सहा. बापापासून सहाच.

सासूबाईंना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग डोळ्यांत पाणी आलं, मग त्यांनी पदर तोंडात धरला. त्यांचं बघून मला फुटलं. मी गुंजा बघायचे आणि हसायचे, त्या पत्रिकेवरचा मुहूर्त बघायच्या आणि हसायच्या. सराफांनी पंखा लावला, दोन पेले पाणी मागवलं आणि काही न विचारता नथ बघायला घेतली. सराफ्यातून बाहेर पडून रिक्षात बसेपर्यंत आम्ही हसत होतो. मग मला झाडाखालची ती रांग आठवली. सात बागांना मी एकर वाटून आले होते.

मी म्हटलं, चिठ्ठी पाठवू का कोणाबरोबर. सासूबाई म्हणाल्या, "देऊन आपण आलो, परत घ्यायला बी आपणच जायचं."

जाताना त्यांनी विहिरीचा दोर बरोबर घेतला. त्यांनी तो बावीस हात मोजून गाठ मारली होती. बावीस हात म्हणजे तेहतीस फूट, एक साखळी. नुसतं तोंडानं सांगितलं तर लोक ऐकणार नाहीत, म्हणाल्या, त्यांना दाखवावं लागंल.

मी मामांच्या अंगणात उभी राहून सगळं सांगितलं. कुठं चुकले, कसं चुकले, गुंजांसकट. मळेवाले जमले होते. मग सासूबाईंनी दोराचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि लुगड्याचा काचा घट्ट करून बागेच्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

आम्ही बाग मोजायला लागलो. मी पुढं जायचे, दोर ताणायचे, टाचेनं मातीत खूण करायचे, आणि सासूबाई त्या खुणेवर येऊन ओरडून आकडा सांगायच्या. आकडे उर्दूत. पाचव्या साखळीला त्यांची मैत्रीण त्यांच्या आवाजात आवाज मिसळून मोजायला लागली, तीही त्याच शाळेतली. दहाव्या साखळीला मामी आल्या. पंधरा होईपर्यंत आमच्या मागं निम्मी आळी चालत होती. दोर झाडांत अडकत होता, लोक सोडवत होते, माझी चप्पल चिखलात राहिली ती कोणीतरी हातात धरून चालत होतं. चुकीची कबुली द्यायला आलेय हे मी विसरूनच गेले. लांबी भरली वीस साखळ्या, रुंदी बारा. दोनशेचाळीस गुंठे, सहा एकर.

मामी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मग माझे पाय का दुखतात?"

मामांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून भाकरी खायला ते स्वतः घराकडं यायला लागले, असं पुढं कळलं. त्या वेळी मात्र ते सासूबाईंना म्हणाले, "अक्का, आठ दिवस बारा एकराचा मालक म्हणून झोपलो. लई गाढ झोप लागली. ती काय कोणी परत मागत नाय ना?"

मग सगळे हसले. शेजारचे मळेवाले म्हणाले, त्यांनी तर त्या जादा चार एकरात मोसंबी लावायचं ठरवलं होतं, रोपं तेवढी सांगायची राहिली होती. कोटवाले जमीनदार पुढं आले आणि आता आमचंही मोजा म्हणाले. त्यांची जमीन दोरानं मोजायला आठवडा लागला असता, म्हणून ती मी नकाशावरून काढली, अडीचनं गुणून. त्यांनी आकडा ऐकला आणि आम्हाला बसपर्यंत सोडायला बैलगाडी दिली. सोबत दोन पाट्या सीताफळं. घरी येईपर्यंत त्यांतली निम्मी पिकून उकलली होती आणि आमची दोघींची लुगडी चिकट झाली होती.

अहवाल मी पुन्हा लिहिला. नकाशाच्या खाली लांबीसाठी एक पट्टी काढली आणि तिच्या शेजारी एक लहानसा चौरस काढून त्यात लिहिलं, अडीच एकर. तोंडी परीक्षेत सर तिथं थांबले. पट्टी सगळेच काढतात, हा चौरस कशाला, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की दोन्ही प्रमाणं वेगवेगळी बदलतात, आणि मी ते सोन्याच्या काट्यावर तोलून बघितलंय. सरांना पटेना. मी वहीच्या मागच्या पाकिटातून ते दोन तुकडे काढून दिले. त्यांनी मोठा तुकडा उजेडात धरला, त्यावरचं वाचलं आणि म्हणाले, "आम्हाला बोलावलं नव्हतं तुम्ही." गुण चांगले मिळाले.

अहवाल देऊन झाला तरी त्या हिवाळ्यात आम्ही दोघी आणखी चार रविवारी दौलताबादला गेलो. एकदा दोर बरोबर होता, बाकीच्या वेळी तोही नव्हता. एका रविवारी आम्ही निघताना सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं आणि विचारलं, आता तिथं काय राहिलंय. सासूबाई चपला घालत होत्या.

"थोडं मोजायचंय अजून," त्या म्हणाल्या, आणि मला पुढं घालून बाहेर पडल्या.